हिशेबाच्या वहीतले आणि वहीबाहेरचे

विद्यापीठांतून दरवर्षी सादर होणाऱ्या प्रबंधांच्या याद्या चाळल्या, तर तीन विषय हमखास आढळतात. अर्थशास्त्राच्या विभागात कुटुंबाच्या उत्पन्न-खर्चाचा अभ्यास असतो. वनस्पतिशास्त्राच्या विभागात एखाद्या तालुक्यातील वैदू आणि जाणत्या स्त्रिया वापरत असलेल्या औषधी वनस्पतींची नोंद असते. व्यवस्थापनशास्त्राच्या विभागात रुग्णालयांच्या कार्यक्षमतेचे मोजमाप असते. हे तिन्ही प्रबंध ग्रंथालयाच्या वेगवेगळ्या कपाटांत जातात आणि ते लिहिणाऱ्यांची एकमेकांशी सहसा गाठही पडत नाही.

तरीही या तिघांपुढची मूळ अडचण एकच असते. ज्या गोष्टींना बाजारात भाव नाही, अशा गोष्टींचे मोल त्यांना ठरवायचे असते. घरातल्या आजाऱ्याची शुश्रूषा, रानातली एखादी मुळी ओळखणारी नजर, रुग्णाने खाटेवर काढलेला एक दिवस यांपैकी कशालाच सराफकट्ट्यावरच्या सोन्यासारखा रोजचा दर नसतो. दर नसला की संशोधकाला आपले माप आपणच घडवावे लागते. माप घडवताना काही गोष्टी हिशेबात धराव्या लागतात आणि काही वगळाव्या लागतात. संशोधनाचे निष्कर्ष पुढे अंदाजपत्रकात, पेटंटच्या निवाड्यात किंवा रुग्णाला घरी पाठवण्याच्या नियमात उतरतात. तेव्हा या वगळलेल्या गोष्टींचा भार कोणाच्या तरी अंगावर पडतो. तो कोणाच्या अंगावर पडतो, हे ओळखता येणे सामान्य वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

घरकाम मोजायचे कसे?

अर्थशास्त्रातील सर्वांत परिचित माप म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न. खाणावळीत रांधलेले जेवण या उत्पन्नात धरले जाते, घरात रांधलेले धरले जात नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली ही विसंगती दाखवून दिली होती. एखाद्याने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या स्त्रीशी विवाह केला, तर तिचे काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मार्गारेट रीड यांनी १९३४ साली यावर एक साधी कसोटी सुचवली. जे काम पैसे देऊन दुसऱ्या व्यक्तीकडून करून घेता येते, ते घरातल्याच माणसाने केले तरी उत्पादक मानावे, अशी ती कसोटी. स्वयंपाक, धुणे, मुलांचे व आजाऱ्यांचे संगोपन ही सारी कामे या कसोटीला उतरतात. तरीही राष्ट्रीय उत्पन्नाच्या मुख्य आकड्यात ती आजही येत नाहीत.

भारतात या कामाची पहिली राष्ट्रव्यापी मोजदाद २०१९ सालच्या वेळवापर सर्वेक्षणात झाली. सहा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींचा चोवीस तासांचा दिनक्रम त्यात नोंदवला गेला. बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, असे त्यातून दिसून आले. असे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे होती. प्रत्येक घरातील थोरांना ठाऊक असलेली ही गोष्ट आकड्यांत उतरली, तेव्हा कोठे ती धोरणाच्या चर्चेत उद्धृत करता येऊ लागली.

दारिद्र्याच्या मापाचीही कथा अशीच आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील दारिद्र्यावरील अभ्यासात माणशी रोज २,२५० उष्मांक देणारा आहार परवडतो की नाही, हा निकष धरला होता. दारिद्र्यावरील वादाला त्यामुळे पक्का आधार मिळाला. पण आहारावर उभ्या असलेल्या मापाला ताटातले दिसते. आजारपणासाठी गहाण पडलेले दागिने त्याला तितकेसे दिसत नाहीत. म्हणूनच आज आरोग्य अर्थशास्त्रज्ञ कुटुंबाने स्वतःच्या खिशातून केलेला औषधोपचाराचा खर्च वेगळा काढून पाहतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चात या खर्चाचा वाटा २०१३–१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१–२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट महत्त्वाची आहे. मात्र रुग्णासोबत राहणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी या आकड्यात नसते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

वैद्यकीय सेवेला सामान्य बाजाराचे नियम का लागू पडत नाहीत, याचे मूलभूत विवेचन केनेथ ॲरो यांनी १९६३ साली केले. मासळीबाजारात आपण मासा पाहून, वास घेऊन, घासाघीस करून घेतो. उपचार मात्र आधी पारखून घेता येत नाही. आजार केव्हा येईल हे रुग्णाला ठाऊक नसते आणि दिलेला उपचार योग्य होता की नाही, हेही त्याला नंतर नीटसे कळत नाही. डॉक्टरला रुग्णापेक्षा कितीतरी अधिक माहिती असते आणि ही दरी विश्वासावर भरून निघते. ॲरो यांचा हा विचार डॉक्टरांपुरता असला, तरी वैदू आणि वनस्पती यांच्या बाबतीतही तो तंतोतंत लागू पडतो.

पानाफुलांचे ज्ञान कागदावर कसे येते?

वनस्पतींच्या लोकज्ञानाचा अभ्यास गोव्याला नवा नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांचा भारतीय औषधींविषयीचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. भारतात मुद्रणकलेने पाऊल ठेवल्यानंतरच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी तो एक. क्लूसियुस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ साली त्याचा लॅटिन सारांश काढला आणि त्यातील माहिती युरोपभर पोहोचली. या संवादांत ऑर्ता यांच्या घरी राबणारी आंतोनिया नावाची दासी मागणीनुसार वनस्पती आणून देताना दिसते. मालुपा नावाच्या एका हिंदू वैद्याचाही उल्लेख येतो. ग्रंथावर नाव ऑर्ता यांचे आहे आणि त्यांची विद्वत्ता निर्विवाद आहे. पण पाने खुडून आणणारे हात आणि गुण सांगणाऱ्या जिभा स्थानिक होत्या.

शंभर वर्षांनंतर कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. ॲमस्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात छापल्या गेलेल्या या ग्रंथात सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे व वर्णने आहेत. यात एक वेगळी गोष्ट घडली. इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य आणि कोचीच्या कोकणी समाजातील रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन वैद्य यांची प्रमाणपत्रे पहिल्याच खंडात समाविष्ट केली गेली. तिघा कोकणी वैद्यांचा मजकूर नागरी लिपीत, कोकणी भाषेत आहे. माहिती कोणी दिली, हे त्या माहितीसोबत छापले गेले. आजच्या संशोधनपद्धतीत जे अनिवार्य मानले जाते, त्याचा हा फार जुना दाखला म्हणावा लागेल.

आजची पद्धत साधारण अशी असते. संशोधक गावात जाऊन आधी संमती घेतो. माहिती देणाऱ्याचे वय, गाव, ज्ञान कोणाकडून मिळाले, कोणता भाग वापरतात, ताजा की वाळवलेला, किती प्रमाणात आणि कोणत्या दुखण्यावर, हे तो नोंदवतो. त्यानंतर त्या वनस्पतीचा फुलाफळांसह नमुना दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून वनस्पतिसंग्रहालयात क्रमांकासह ठेवला जातो. हा नमुना नसेल तर साऱ्या नोंदीचे मोल शून्यावर येते, कारण लोकभाषेतील नावे निसरडी असतात.

कुड्याचेच पाहा. अतिसारावर ज्याची साल वापरतात तो पांढरा कुडा वेगळा आणि काळा कुडा वेगळा. दोन्ही एकाच कुळातील असले, तरी शास्त्राच्या दृष्टीने ती भिन्न प्रजातींची झाडे आहेत. पांढऱ्याचे बी कडू इंद्रजव म्हणून विकले जाते आणि काळ्याचे गोड इंद्रजव म्हणून. सालीच्या व्यापारात एकाच्या जागी दुसऱ्याची भेसळ होते. प्रबंधात नुसते ‘कुडा’ असे लिहिलेले असेल आणि नमुना जपलेला नसेल, तर पुढच्या अभ्यासकाने कोणत्या झाडाची परीक्षा करायची?

लोकज्ञान परीक्षेला उतरते तेव्हा काय घडते, याचे उत्तम उदाहरण सर्पगंधेचे आहे. ही मुळी भारतात शतकानुशतके वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचे परिणाम काळजीपूर्वक नोंदवून १९४९ साली ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यानंतर जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. पुढे त्या औषधाने काही रुग्णांच्या मनावर खिन्नतेचे सावट येते, अशाही नोंदी झाल्या आणि नवी औषधे आल्यावर त्याचा वापर मागे पडला. परंपरेने सांगितलेला गुण खरा ठरला. पण त्याची मात्रा आणि त्याचे दोष रुग्णालयातल्या नोंदींनीच दाखवून दिले. यामुळे परंपरेला किंवा आधुनिक वैद्यकाला कमीपणा येत नाही.

छापलेले ज्ञान आणि ऐकलेले ज्ञान

येथून प्रश्न पुन्हा अर्थशास्त्राकडे वळतो. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. परिषदेने या पेटंटला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. पण ते कशाच्या बळावर रद्द झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. भारतातील घरोघरच्या आज्या जखमेवर हळद दाबतात, हा पुरावा पुरेसा नव्हता. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातील नुसता वापर धरला जात नसे. तो कोठेतरी छापलेला असावा लागे. त्यामुळे परिषदेला जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख यांसह ३२ संदर्भ उभे करावे लागले.

या अनुभवातून पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाची कल्पना साकारली. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांच्या ग्रंथांतील माहिती परकीय भाषांत भाषांतरित करून पेटंट कार्यालयांना तपासणीसाठी उपलब्ध करून देण्यात आली. यामुळे ग्रंथातील ज्ञानाला कवच मिळाले. ग्रंथात नसलेल्या, केवळ स्मरणात असलेल्या ज्ञानाचा प्रश्न मात्र तसाच उरला. एखाद्या वेळीप, धनगर किंवा गावित आजीला ठाऊक असलेली मुळी कोणत्याही संहितेत नसेल, तर तिचे काय?

केरळमधील काणी या आदिवासी समाजाचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरतो. १९८७ साली अगस्त्यकूटच्या डोंगरात फिरताना वाटाडे एक फळ खातात आणि थकत नाहीत, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. आरोग्यपच्चा या वनस्पतीवर तिरुवनंतपुरमजवळील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान संस्थेने संशोधन केले आणि ‘जीवनी’ हे औषध तयार झाले. ते बनवण्याचा परवाना दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन या अटींवर एका कंपनीला देण्यात आला. या उत्पन्नातील निम्मा वाटा काणी समाजाला देण्याचे ठरले आणि त्यासाठी १९९७ साली एक न्यास नोंदवण्यात आला. जगभर या व्यवस्थेची वाखाणणी झाली. प्रत्यक्षात अडचणीही आल्या. वनखात्याच्या निर्बंधांमुळे वनस्पती गोळा करणे आणि तिची लागवड करणे कठीण झाले. करारात आपल्याला विचारलेच नाही, अशी अन्य वस्त्यांतील काणींची तक्रार होती. ज्ञान साऱ्या समाजाचे असताना सही कोणाची घ्यायची, हा पेच कोणत्याही सूत्राने सहज सुटत नाही.

२००२ सालच्या जैवविविधता कायद्याने लाभवाटपाचे तत्त्व स्वीकारले. २०१० सालच्या नागोया कराराने ते आंतरराष्ट्रीय केले. भारतीय कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपाच्या बंधनातून सूट दिली आहे. म्हणजे लिखित आणि अलिखित यांतील रेषा आता थेट पैशाची रेषा झाली आहे. अलिखित ज्ञान टिपण्यासाठी कायद्याने गावोगावच्या समित्यांवर लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याचे काम सोपवले आहे. या नोंदवहीमागचे प्रमुख प्रेरक पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ. त्यांचे वडील धनंजयराव गाडगीळ गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक होते. वडिलांनी देशाच्या अर्थव्यवहाराची मोजणी केली आणि चिरंजीवांनी ताळेबंदात न मावणाऱ्या गावाच्या संपत्तीची नोंद ठेवण्याचा मार्ग दाखवला, ही संगती मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

रुग्णालय कार्यक्षम आहे, म्हणजे काय?

जुन्या गोव्यातील राजरुग्णालयाची कीर्ती सतराव्या शतकात युरोपपर्यंत पोहोचली होती. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने तेथे स्वतः उपचार घेतले आणि तेथील खाटा, स्वच्छ चादरी व आहार यांची तोंडभरून स्तुती केली. त्याच काळात जहाजांवरून आलेले पोर्तुगीज सैनिक त्याच रुग्णालयात मोठ्या संख्येने मरण पावत होते. व्यवस्था उत्तम, निष्पत्ती वाईट. मग रुग्णालय चांगले की वाईट? आजचे संशोधनही याच प्रश्नाभोवती फिरते.

या संशोधनाचे पहिले साधन अगदी सोपे आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमानुसार, रोज दाखल होणाऱ्या रुग्णांच्या संख्येला सरासरी मुक्कामाच्या दिवसांनी गुणले की सरासरी किती खाटा भरलेल्या राहतील ते कळते. रोज २० रुग्ण आणि मुक्काम पाच दिवसांचा असेल, तर १०० खाटा भरतात. मुक्काम चार दिवसांवर आणला, तर ८० खाटांत तेच काम होते. एकही वीट न रचता वीस खाटा मोकळ्या होतात.

दुसरे साधन रांगांच्या गणिताचे. सर्व खाटा सदैव भरलेल्या असणे म्हणजे कार्यक्षमता, असा एक समज आहे. गणित तसे सांगत नाही. रुग्ण अनियमितपणे येतात आणि उपचाराला लागणारा वेळही कमीजास्त असतो. रांगेच्या सर्वांत साध्या नमुन्यात ८० टक्के क्षमता वापरात असताना व्यवस्थेत सरासरी चार जण असतात. ९० टक्क्यांना नऊ आणि ९५ टक्क्यांना एकोणीस. क्षमतेचा वापर थोडा वाढतो, रांग मात्र कितीतरी पटींनी लांबते. म्हणून काही खाटा रिकाम्या असणे ही उधळपट्टी नसते. ती पुढच्या अपघातग्रस्तासाठी राखलेली जागा असते.

तिसरे साधन प्रबंधांत सर्वाधिक आढळते. मायकेल फॅरेल यांनी १९५७ साली मांडलेल्या कल्पनेवर चार्न्स, कूपर आणि रोड्स यांनी १९७८ साली ते उभारले. इंग्रजीत त्याला डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस म्हणतात. त्याचे मर्म एका काल्पनिक उदाहरणाने समजेल. तीन रुग्णालयांत प्रत्येकी दहा डॉक्टर आहेत असे समजू. ठरावीक काळात पहिले १०० शस्त्रक्रिया करते आणि ९०० बाह्यरुग्ण तपासते. दुसरे ३०० शस्त्रक्रिया आणि ३०० बाह्यरुग्ण. तिसरे १५० शस्त्रक्रिया आणि ४५० बाह्यरुग्ण. पहिल्या दोघांचा बल वेगवेगळ्या कामावर आहे, म्हणून त्यांना एकाच मापाने तोलणे अन्यायाचे ठरेल. ही पद्धत दोघांनाही सरहद्दीवर ठेवते, म्हणजे पूर्ण कार्यक्षम मानते. मग त्या दोघांच्या कामाची बरोबर सरासरी काढली, तर २०० शस्त्रक्रिया आणि ६०० बाह्यरुग्ण असे प्रमाण येते. तिसऱ्याचे काम त्याच्या ७५ टक्के भरते. म्हणून तिसऱ्याला ७५ टक्के कार्यक्षम म्हणतात.

आकडा नेटका दिसतो, पण त्याच्या मर्यादा जाणून घेतल्या पाहिजेत. तिसरे रुग्णालय दूरच्या तालुक्यात असेल, तेथे वृद्ध आणि गुंतागुंतीचे रुग्ण अधिक येत असतील, तर उरलेले २५ टक्के आळसाचे नसून आजारांच्या तीव्रतेचे असू शकतात. शिवाय सरहद्द नमुन्यातील रुग्णालयांचीच बनलेली असते. सगळीच सुमार असतील, तर सुमारांतले बरे ते शंभर टक्के ठरते. रुग्णालये थोडी आणि मोजायच्या बाबी पुष्कळ असल्या, की जवळजवळ सर्वच कार्यक्षम ठरू लागतात. गोव्यासारख्या लहान राज्याच्या बाबतीत ही अडचण मोठी आहे. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय आणि तालुक्याचे आरोग्य केंद्र यांची थेट तुलना अर्थहीन आहे आणि तुलनेला साजेशी रुग्णालये राज्यात मोजकीच आहेत.

आता मुक्काम पाचावरून चार दिवसांवर आणण्याकडे परत येऊ. रुग्णालयाच्या वहीत एक दिवस वाचला. तो दिवस नाहीसा मात्र झाला नाही. तो रुग्णाच्या घरी गेला. मलमपट्टी, पथ्याचे जेवण, रात्रीचे जागरण हे सारे आता घरातली स्त्री करते आणि तिचा वेळ कोणत्याही लेख्यात नसतो. लवकर घरी जाणे रुग्णाच्या हिताचे असू शकते. रुग्णालयातील संसर्गापासून त्याचा बचाव होतो. पण घरी परिचारिकेची फेरी आहे की नाही, हे न पाहता केवळ मुक्काम घटल्याबद्दल रुग्णालयाला शाबासकी दिली, तर ती कार्यक्षमता नसून खर्चाचे स्थलांतर ठरते. अर्थशास्त्राने वगळलेले घरकाम आणि व्यवस्थापनशास्त्राने वाचवलेला दिवस येथे एकाच चुलीपाशी येऊन मिळतात.

तिन्ही विषय एकत्र आले तेव्हा

विषयांच्या भिंती ओलांडल्या नाहीत तर काय होते, याचा धडा बेल्जियमने दिला आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रुसेल्समधील एका वजन घटवण्याच्या केंद्रात चिनी वनौषधींच्या कुप्या दिल्या जात. तरुण स्त्रिया मूत्रपिंडे निकामी होऊन रुग्णालयांत येऊ लागल्या. त्या एकाच केंद्रातून आल्याचे मूत्रपिंडतज्ज्ञांच्या लक्षात आले आणि १९९३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. ‘फांग ची’ या नावसाधर्म्यामुळे एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील दुसरीच वनस्पती वापरली गेली होती आणि तिच्यातील आम्ल मूत्रपिंडांना घातक होते. बाधितांची संख्या शंभराच्या आसपास पोहोचली. अनेकींना डायलिसिस किंवा मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण लागले. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडील ईश्वरी किंवा सापसण ही वेलही याच प्रजातीतील आहे, म्हणून हा इतिहास आपल्यालाही परका नाही.

या घटनेत वनस्पतीची ओळख पटवणारा एक दाबलेला नमुना बहुमोल ठरला असता. रुग्णपत्रिकेवर ‘दुसरे कोणते औषध किंवा मुळी घेता?’ हा एक प्रश्न आधीपासून असता, तर धोका लवकर कळला असता. आणि स्वस्त म्हणून घेतलेल्या कुपीची खरी किंमत डायलिसिसच्या वर्षांत मोजली गेली. तीन शास्त्रांना हवी असलेली माहिती एकाच रुग्णापाशी होती.

वाचकाने विचारावयाचे प्रश्न

‘संशोधनातून सिद्ध झाले’ असे वाक्य वाचनात आले, की चार गोष्टी विचाराव्यात. पहिली, काय मोजले आणि त्याचे एकक कोणते? दुसरी, काय वगळले आणि वगळलेल्याचा भार कोण उचलतो? तिसरी, तुलना कोणाशी केली आणि ती बरोबरीच्यांत आहे का? चौथी, माहिती कोणी दिली, त्यांची संमती घेतली होती का आणि निष्कर्ष त्यांच्यापर्यंत परत गेला का? या प्रश्नांना पदवी लागत नाही. गावच्या देवस्थानाचा वा सहकारी संस्थेचा जमाखर्च वाचताना जो चोखंदळपणा आपण दाखवतो, तोच येथे पुरतो.

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर बहुधा नकारार्थी येते. काणकोण किंवा सत्तरीतील वृद्धांनी सांगितलेली माहिती इंग्रजी प्रबंधात जाते, प्रबंध कपाटात जातो आणि सांगणारी पिढी एकेक करून निघून जाते. परिचारिकांनी भरलेली आकडेवारी अहवालात जाते. त्यातून काय निष्पन्न झाले, हे त्यांना कळत नाही. प्रत्येक प्रबंधासोबत मराठीत वा कोकणीत दोन पानांचा सारांश तयार करून तो संबंधित पंचायतीला, जैवविविधता समितीला किंवा रुग्णालयाला देण्याची प्रथा विद्यापीठे फारशा खर्चावाचून सुरू करू शकतात. चुकीचे टिपले गेले असेल, तर ते दुरुस्त करणारी माणसे गावातच आहेत आणि ती हयात आहेत तोवरच ही दुरुस्ती शक्य आहे.